बुरशी, कडधान्य आणि समुद्रशैवाल: गिंझाची मिठाई कशी घडते

टोकियोच्या गिंझा भागात वाको इमारतीचं घड्याळ प्रसिद्ध आहे. त्याच्या शेजारीच किमुराया ह्या जुन्या बेकरीचा पत्ता. तिचा आनपान हा पाव तळहातावर सहज मावतो. वरून तकतकीत तपकिरी, आत गोड कडधान्याचं सारण. दिसायला इतका साधा की कुणी त्याच्याकडे दुसऱ्यांदा वळूनही बघणार नाही. पण थांबा! हा पाव फुगवणारं विरजण बेकरीच्या जगातलं नाहीच. ते आलं आहे साके ह्या तांदळाच्या दारूच्या कारखान्यातून. दारूवाल्यांचं विरजण पावात कसं शिरलं?

त्यासाठी १८६९ मध्ये जाऊ. जपानमध्ये सत्ता नुकतीच पालटली होती, सामुराईंचे दिवस सरत होते. किमुरा यासुबेई हा असाच एक सामुराई. पन्नाशी ओलांडलेल्या ह्या गृहस्थाने त्या वर्षी चक्क बेकरी काढली, तीही पिढ्यान्‌पिढ्या भात खाणाऱ्या लोकांच्या शहरात! पाव तेव्हा परदेशी लोकांचं खाणं होतं, आणि बेकरीचं यीस्ट टोकियोत सहजी मिळत नव्हतं. यासुबेई आणि त्याचा मुलगा एइझाबुरो यांनी मग इकडेतिकडे पाहिलं. आपल्या देशात न थकता फसफसणारं काय आहे? साके! त्यांनी भात, कोजी आणि पाण्याचं आंबवण पिठात घातलं, आत गोड सारण भरलं, आणि १८७४ मध्ये आनपान जन्माला आला.

ही युक्ती आपल्याला तर अगदी ओळखीची वाटायला हवी. गोव्यातल्या पोदेरांपुढे, म्हणजे पाव करणाऱ्यांपुढे, पोर्तुगीज काळात हीच अडचण होती. यीस्ट नाही, पण नारळाची माडी आहे. ती घालून त्यांनी पाव फुगवला. आणि ह्या दोन किनाऱ्यांमध्ये जहाजांची ये-जा फार जुनी. १५४९ मध्ये ख्रिस्ती धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर गोव्याहूनच निघाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जपानच्या कागोशिमाला उतरला. पण गोव्याच्या पोदेरांनी किंवा टोकियोच्या किमुरांनी ही युक्ती एकमेकांकडून घेतल्याचं कुठे दिसत नाही. दोघांनीही आपापल्या गावात जे फसफसत होतं तेच उचललं.

आता खरी गंमत. माडीत साखर आधीच असते, यीस्टला आयतं जेवण. तांदळात साखर कुठे आहे? तिथे आहे स्टार्च, म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब साखळी. यीस्टला ती साखळी तोडता येत नाही. बिअर करणाऱ्यांची सोय झाली, कारण बार्ली भिजवली की तिला मोड येतात आणि मोड येताना धान्य स्वतःच स्टार्चची साखर करू लागतं. पण सडलेल्या पांढऱ्या तांदळाला मोड येणार कसे? त्याचा अंकुर तर सडतानाच निघून गेला. मग ती साखळी तोडायची कुणी?

इथे येते कोजी. ही एक बुरशी आहे! वाफवलेल्या भातावर तिचे बीजाणू भुरभुरायचे, ऊब द्यायची, की दोनेक दिवसांत दाण्यांवर पांढरी लव चढते. ती बुरशी आपले पाचक रस भातात सोडते आणि स्टार्चच्या साखळ्या तुटून साखर होते. त्या साखरेवर यीस्ट तुटून पडतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. त्याच वायूच्या बुडबुड्यांनी कणीक फुगते. म्हणजे एका पावामागे दोन जीव राबतात, एक तोडणारा आणि एक फुगवणारा.

आणि ह्या बुरशीचं घराणं कोणतं? खराब साठवणीतल्या शेंगदाण्यावर, मक्यावर जी विषारी बुरशी धरते, अफ्लाटॉक्सिन नावाचं यकृताला घातक विष करते, ती कोजीची अगदी सख्खी बहीण! दोघींची जनुकंही जवळपास सारखीच. २००५ मध्ये कोजीचा जनुकसंच वाचून झाला. विष बनवणाऱ्या जनुकांचे अवशेष तिच्यात आजही सापडतात, पण ती निकामी होऊन पडलेली आहेत. माणसाने लांडग्याचा कुत्रा केला हे आपण शाळेत शिकतो. इथे सूक्ष्मदर्शक नसलेल्या काळात, डोळ्यांना धड न दिसणारी बुरशी माणसाने पाळीव केली. चांगली कोजी निवडायची, तिचे बीजाणू जपायचे, पुढच्या भातावर पेरायचे. लाकडाची राख मिसळली की नको असलेले सूक्ष्मजीव मागे हटतात आणि कोजी टिकते, हेही ह्या लोकांनी शोधून काढलं होतं. कोजीचं हे बियाणं विकणारी खास दुकानं जपानमध्ये कित्येक शतकं चालत आली आहेत.

असं आंबवण घाई करत नाही. कणीक सावकाश फुगते आणि पावाला साकेचा मंद वास राहतो. ४ एप्रिल १८७५ ला सम्राट मेइजी सुमिदा नदीकाठच्या मुकोजिमा इथे चेरीचा बहर बघायला गेला, तेव्हा त्याच्यापुढे हा पाव ठेवला गेला. त्या प्रसंगासाठी पावाच्या मधोमध खळगा करून त्यात मिठात मुरवलेलं चेरीचं फूल बसवलं होतं. गोड सारणात खारट फूल! तो साकुरा आनपान किमुरायात अजून मिळतो, आणि त्याच्या शेजारी खसखस लावलेला भाऊही.

आता पाव फोडून आत बघू. सारण आहे अझुकीचं. हे लालसर कडधान्य मूग, उडीद, मटकी, चवळी यांच्याच कुळातलं. गोड सारण म्हणजे आपल्या पुरणाचा जपानी चुलतभाऊच. पण एक कोडं पडतं. अझुकीत स्टार्च भरपूर आहे, मग शिजवून वाटल्यावर त्याची खळ का होत नाही? ते चिकट न होता रेशमासारखं मऊ कसं राहतं?

उत्तर पेशीत आहे. दाणा शिजतो तेव्हा पेशींना एकमेकींशी जोडणारा चिकट थर विरघळतो आणि पेशी सुट्या होतात. पण प्रत्येक पेशीची भिंत शाबूत राहते. आतली प्रथिनं गोठून स्टार्चच्या कणांभोवती कवच धरतात. स्टार्च फुगतो तो त्या बंद खोलीतच, बाहेर सांडत नाही. म्हणजे जिभेवर जे मऊ लागतं ते असतं साधारण दशांश मिलिमीटरच्या अखंड पेशींचं ढीगभर बारीक चूर्ण! म्हणूनच गिंझाचे कारागीर दाणे रगडून फोडत नाहीत. हळू शिजवतात, तुरट पाणी ओतून टाकतात, चाळणीतून साली काढतात, आणि पेशी पाण्यात धुऊन, पिळून मग साखरेबरोबर घोटतात.

याच सारणाचं दुसरं रूप पाहायचं तर तोराया ह्या दुकानात जाऊ. मूळ क्योतोतलं हे घराणं १८६९ मध्ये सम्राटामागोमाग टोकियोत आलं, आणि गिंझातही त्याचं दुकान आहे. इथलं योकान म्हणजे काळसर, चकचकीत, सुरीने कापायची वडी. तिला धरून ठेवतं ते अगर, लाल समुद्रशैवालातून निघणारं द्रव्य. आपल्या स्वयंपाकघरात ह्यालाच चायना ग्रास म्हणतात.

अगरचा स्वभाव अजब आहे. ते वितळतं साधारण ८५ अंश सेल्सिअसला, पण गोठायला मात्र ४० अंशांच्या खाली यावं लागतं. बर्फ ज्या तापमानाला वितळतो त्याच तापमानाला पाणी गोठतं, पण इथे दोन्हींमध्ये चाळीसहून जास्त अंशांचं अंतर! म्हणून योकान फ्रिजशिवाय गोठतं आणि कडक उन्हाळ्यातही पाघळत नाही. जिलेटिनला हे जमत नाही, ते तोंडातल्या उबेनेच विरघळतं.

हाच गुण जर्मनीत एका प्रयोगशाळेला हवा होता. रोग पसरवणारे जिवाणू वाढवायचे तर ३७ अंशांची ऊब लागते, आणि जिलेटिनचा थर तेवढ्यात पाणी होऊन जायचा. फानी हेसे ह्या गृहिणीने १८८१ च्या सुमारास आपल्या संशोधक नवऱ्याला सुचवलं, जेली करायला मी वापरते ते अगर घेऊन बघ! रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेने ते उचललं, आणि आज जगभरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये जिवाणू वाढतात ते अगरच्याच थरावर. योकान आणि टायफॉइडची तपासणी यांना एकच शैवाल सांधतं!

गिंझातल्याच कुया ह्या छोट्या दुकानाची मोनाका तर सगळ्यांत साधी, दोन कुरकुरीत पापुद्र्यांत भरलेलं तेच सारण. पापुद्रा चिकट तांदळाचा, ज्याच्या स्टार्चमध्ये सरळ साखळ्या जवळपास नसतात, फक्त फांद्या फुटलेल्या असतात. म्हणून त्याचा मऊ लगदा होतो, आणि भाजला की तो फुलून हलका होतो. सारणाचा ओलावा तो हळूहळू पितो, त्यामुळे पहिल्या दिवसाची मोनाका आणि तिसऱ्या दिवसाची मोनाका ह्या दोन वेगळ्या मिठाया असतात.

आता जरा मोजून बघा. तांदूळ, कडधान्य, शैवाल, साखर. मोनाका आणि योकान यांत ना दूध, ना तूप, ना अंडं. एवढ्या शिध्यातून फुललेलं, रेशमी, घट्ट आणि कुरकुरीत असं सगळं निघालं, कारण कुणीतरी प्रत्येक पदार्थाचा स्वभाव शतकानुशतकं निरखला.

गिंझाला जायचा योग आला तर आनपान त्याच दिवशी खा. कुयाची मोनाका आधी नोंदवून ठेवा, नाहीतर ती संपलेली असते. आणि घरी आणायला योकान घ्या. त्यातली साखर पाणी असं बांधून ठेवते की सूक्ष्मजीवांच्या वाट्याला ते येतच नाही. म्हणून तोरायाचं न उघडलेलं योकान वर्षभर टिकतं. जिलेटिन नाही, त्यामुळे घरातल्या शाकाहारी आजी-आजोबांनाही ते निर्धास्तपणे देता येईल. फक्त देताना सांगायला विसरू नका की ही वडी समुद्रातल्या शैवालाने धरून ठेवली आहे. त्यांचा पुढचा प्रश्न ‘कशी?’ हाच असेल, आणि आता तुमच्याकडे उत्तर आहे.