दोन सबवूफर, तरी बास कमी!

कोलकात्यातल्या बागबाजारच्या सार्वजनिक दुर्गापूजेला शंभरावर वर्षं झाली. पूजेत ढाकी एकत्र ढाक वाजवतात, तेव्हा ठोका थेट छातीत जाणवतो, आपल्या ढोल-ताशा पथकासारखाच. कारण सगळ्यांच्या काठ्या एकाच क्षणी पडतात. कुणी मागेपुढे झालं की जोर गेलाच.

गाडीच्या डिकीतही तसंच होतं. आधीची पेटी हवाबंद. नंतर स्वस्तात मिळाली म्हणून आणलेली दुसरी पोर्टवाली. आता बास दुप्पट होणार, असं वाटतं. होतं उलटंच!

बंद पेटीतली हवा स्प्रिंगसारखी कोनला आवरते. पोर्टवाल्या पेटीतली हवा पोर्टमधून आतबाहेर डोलते आणि पेटी ज्या सुराला बांधलेली असते, समजा 35 हर्ट्झ, तिथे आवाज वाढवते. त्याच्या वर दोघींचं बऱ्यापैकी जमतं. खाली मात्र पोर्टवालीची लाट उलटी होत जाते. एक पेटी हवा ढकलते तेव्हा दुसरी ओढते आणि खोल बास विरतो. वायर उलटी जोडली तर खालचं सुधारेल, वरचं बिघडेल.

डीएसपी लावून थोडं सावरता येतं, पण घरच्या गाडीसाठी एवढा खटाटोप कशाला? तोच सबवूफर, त्याच मापाची, त्याच प्रकारची दुसरी पेटी घ्या. वेगळी पेटी आधीच आणली असेल, तर खोल बासचं गाणं एकेका पेटीवर ऐका, मग दोन्हींवर. दोन्हींवर आवाज दबला, तर एक पेटी सरळ विकून टाका.