भाजल्याची तारीख

दिल्लीच्या आसपास कॉफीचं एकही झाड नाही. मे-जूनची लू आणि जानेवारीतलं धुकं यांत ते तगणारही नाही. त्याला डोंगरउतार, झाडांची सावली आणि बेताचा उकाडा लागतो. चिकमगळूर, कोडगू, वायनाड, निलगिरी ही त्याची घरं, आणि ती इथून रस्त्यानं दोन हजार किलोमीटरहून लांब. मग दिल्ली, गुरुग्राम, नोएडात ‘इथली कॉफी’ म्हणून जी विकली जाते, तिच्यात इथलं काय असतं? इथलं असतं ते भाजणं. आणि विकत घेणाऱ्याच्या दृष्टीनं मला तेच सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं.

कारण सोपं आहे. सुकवून सोललेल्या कच्च्या हिरव्या बियांमध्ये दहा-बारा टक्के ओलावा असतो. गोणीत, कोरड्या जागी नीट ठेवल्या तर त्या कित्येक महिने टिकतात. भाजल्यावर मात्र आठवड्यांचा हिशेब लागतो आणि दळल्यावर तासांचा. म्हणून लांबचा प्रवास कच्च्या बीनं करावा आणि ती भाजली जावी पिणाऱ्याच्या शेजारी.

लोदी कॉलनीतल्या खन्ना मार्केटमध्ये ‘देवन्स’ हे दुकान 1962 पासून कॉफी विकतंय. लोदी कॉलनी, करोलबाग, रामकृष्णपुरम या भागांत सरकारी नोकरीनिमित्त आलेली दक्षिणी कुटुंबं राहिली, आणि त्यांच्या सकाळच्या फिल्टरसाठी अशी दुकानं हवीच होती. दुकान दिसण्याआधी वास येतो. तिथे कॉफी मागण्याची स्वतःची भाषा आहे. ‘प्लँटेशन ए’ म्हणजे धुऊन सोललेल्या अरेबिकाची मोठी बी. ‘पार्चमेंट’ म्हणजे तशीच धुतलेली रोबस्टा. ‘चेरी’ म्हणजे फळासकट वाळवलेली. आणि ‘पीबी’, पीबेरी, म्हणजे फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी धरते ती. जुनं गिऱ्हाईक अर्धी पीबी, अर्धी ए असं प्रमाण सांगतं आणि मग ठरलेला प्रश्न येतो: ‘चिकोरी कितना?’

चिकोरीला नाक मुरडणारे बरेच भेटतात. मी त्यांतला नाही. स्टीलच्या फिल्टरमधून थेंब थेंब उतरणाऱ्या डिकॉक्शनला चिकोरी दाटपणा देते, आणि दुधाची कॉफी त्यानं चांगली होते. गंमत अशी की कॉफीच्या पुडीत दिल्लीच्या जवळचं काही असेल तर ते चिकोरीचं मूळच. उत्तर प्रदेशात एटा जिल्ह्यात तिची शेती होते. मात्र प्रमाण स्वतः ठरवून घ्यावं. कायद्यानं मिश्रणात निम्म्याहून जास्त, किमान 51 टक्के, कॉफी असावी लागते आणि वेष्टणावर टक्केवारी छापावी लागते. बाजारातल्या तयार पुड्या उलटून पाहा. कित्येक पुड्या त्या 51 च्या अगदी काठावर उभ्या असतात.

‘देवन्स’सारख्या जुन्या दुकानांत प्रतवारी मिळे, मळ्याचं नाव मिळत नसे. त्यात दुकानदाराचा दोष नव्हता. 1942 च्या कायद्यानं आलेल्या कॉफी बोर्डाच्या व्यवस्थेत मळेवाल्याला आपला माल बोर्डाच्या सामाईक साठ्यात द्यावा लागे. तिथे सगळ्यांची कॉफी प्रतीनुसार एकत्र होई आणि लिलावात जाई. कुणी कितीही जपून पिकवली तरी तिची ओळख त्या ढिगात पुसली जायची. नव्वदच्या दशकात हे टप्प्याटप्प्यानं सैल झालं, 1996 पर्यंत मळेवाला पूर्ण मोकळा झाला. आज पिशवीवर मळ्याचं नाव वाचतो ते त्यामुळे.

तरी चांगला माल बहुतेक परदेशीच जात राहिला. तो इथे भाजून विकणारे आले ते बरंच नंतर. 2013 साली मॅट चित्तरंजन आणि नम्रता अस्थाना या दांपत्यानं दिल्लीत ‘ब्लू टोकाई’ ही कॉफी कंपनी सुरू केली, तीही घरातच कॉफी भाजून. पुढे साकेतजवळच्या सैदुलाजाबमध्ये त्यांची रोस्टरी उभी राहिली. ‘सेव्हरवर्क्स’सारखी नावं त्यानंतर आली, आणि आता दक्षिण दिल्लीपासून नोएडापर्यंत भाजणाऱ्यांची यादी वाढतेच आहे.

अशाच एका छोट्या रोस्टरीत भाजणं जवळून पाहिलं. यंत्राचा ड्रम आधी दोनशे अंशांच्या आसपास तापवतात, मग वरच्या फनेलमधून एक घाणा आत सोडतात. तापमानाचा आकडा एकदम खाली येतो, कारण बिया थंड असतात. दीडेक मिनिटात तो तळ गाठून पुन्हा चढू लागतो, आणि तिथून भाजणाऱ्याची नजर हलत नाही. यंत्राच्या पोटात एक पोकळ दांडा असतो. तो ओढला की चमचाभर बिया बाहेर येतात. आधी हिरव्या, वाळलेल्या गवताच्या वासाच्या. मग पिवळ्या, आणि वास भाजल्या पावासारखा. मग तांबूस. बियांवरचं पातळ साल सुटून हवेबरोबर बाजूच्या डब्यात जाऊन पडतं. दोनशे अंशांच्या जरा अलीकडे पहिला तडतडाट होतो. आतली वाफ आणि वायू बी फोडून बाहेर पडतात. इथून पुढची दीड-दोन मिनिटं निर्णयाची. लवकर काढली तर आंबटपणा आणि फळासारखा गंध शिल्लक राहतो, रेंगाळली तर कडू, धुरकट चव वर येते. आपल्याकडे थालीपिठाची भाजणी करताना प्रत्येक धान्य वेगळं भाजतात, तसंच इथेही प्रत्येक मळ्याच्या बीचा वेळ वेगळा असतो आणि तो वहीत लिहिलेला असतो. झाकण उघडलं की घाणा जाळीच्या गोल ताटात कोसळतो, खालून पंखा हवा ओढतो, फिरती पाती बिया हलवत राहतात. चार मिनिटांत हाताला सोसवतील इतक्या गार व्हायला हव्यात, नाहीतर स्वतःच्याच उष्णतेनं त्या भाजतच राहतात. वजन केलं तर दहा किलोचे साडेआठच्या आसपास भरतात.

दिल्लीत हे काम सोपं नाही. जानेवारीत गोदामातली बी गार पडलेली असते, मेमध्ये तीच कोमट असते आणि जुलैत हवेतली ओल ओढून घेते. त्यामुळे चिकमगळूरची तीच गोणी इथे वर्षभर एकाच आकड्यांवर भाजता येत नाही. भाजणाऱ्याचं कसब मला इथे दिसलं. यंत्र कुणीही विकत घेऊ शकतो.

भाजून झाल्यावर लगेच कॉफी करू नये. बी काही दिवस कार्बन डायऑक्साइड सोडत असते. चांगल्या पिशवीवरचं ते एकतर्फी झडपेचं छिद्र त्यासाठीच असतं. गाळून प्यायच्या कॉफीसाठी चार-पाच दिवस थांबावं, नंतर महिना-सव्वा महिन्यात ती संपवावी. ताजेपणाची परीक्षा घरीच होते: पुडीवर गरम पाणी ओतलं की ती फुगून बुडबुडे यायला हवेत. सपाट पडून राहिली तर ती शिळी आहे, मग पिशवीवर कितीही नामांकित मळ्याचं नाव असो.

मराठी घरातली कॉफी दूध-साखर उकळून, वर जायफळ किसून होते. तिच्यासाठी महागडी, हलकी भाजलेली एका मळ्याची अरेबिका घेऊ नका. तिचा नाजूक गंध उकळण्यात जातो. मध्यम किंवा गडद भाजलेली पीबेरी, तीत थोडी रोबस्टा, एवढं पुरतं. जाता जाता एक खंत: आपल्या अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याला कॉफी पिकते, पण त्या नावाची पिशवी मला दिल्लीतल्या एकाही दुकानात दिसलेली नाही.

दुकानात गेलात की सजावट, चषकांची चित्रं, चवीची वर्णनं बाजूला ठेवा आणि एकच विचारा: ही भाजली कधी? पॅकिंगची तारीख म्हणजे भाजल्याची तारीख नव्हे, ‘अमुक तारखेपूर्वी वापरा’ हे तर त्याहून नव्हे. तारीख सांगणारा दुकानदार खन्ना मार्केटमधला असो की सैदुलाजाबच्या गल्लीतला, त्याच्याकडून पाव किलोच घ्या, अख्ख्या बिया घ्या, आणि पहिला खर्च कॉफी करायच्या भारी यंत्रावर न करता हातानं फिरवायच्या चांगल्या ग्राइंडरवर करा.