बर्फाची मुदत ठेव

लेह परिसरात वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पर्जन्यमान असते. लडाखची शेती उभी आहे ती बर्फाच्या पाण्यावर. पीक वर्षातून एकच. जवाची पेरणी एप्रिल-मे महिन्यांत उरकली नाही, तर थंडीपूर्वी कणीस भरत नाही. उंचावरील हिमनद्यांना मात्र भरपूर पाणी सुटते ते जूनमध्ये. पूर्वी खालच्या उतारांवरील बर्फ ही नड भागवीत असे. तापमान वाढून हिमनद्या मागे सरत गेल्या, तसा तोही उणावला. खात्यावर रक्कम आहे, पण निकडीच्या दिवशी ती काढता येत नाही, अशीच ही अवस्था!

स्थापत्य अभियंता चेवांग नोर्फेल यांनी १९८७ मध्ये फुकत्से गावी यावर उपाय योजला. गोठू नये म्हणून हिवाळ्यात उघड्या ठेवलेल्या नळाचे पाणी सावलीत, संथ वाहताना गोठते, हे त्यांनी हेरले होते. ओढ्याचे वाया जाणारे हिवाळी पाणी त्यांनी सावलीतील उतारावर वळविले आणि दगडी बांध घालून त्याचा वेग मोडला. थरावर थर गोठत गेले. हा साठा मूळ हिमनदीपेक्षा कमी उंचीवर असल्याने नेमका पेरणीच्या वेळी वितळतो. २०१५ मध्ये नोर्फेल यांना ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले. सोनम वांगचुक यांचे हिमस्तूप ही पुढची पायरी. शंकूच्या आकारामुळे बर्फाचा उन्हाला सामोरा येणारा पृष्ठभाग घटतो.

या ठेवीस एक अट आहे. हिवाळ्यात ओढा वाहता हवा, आणि त्याचे पाणी येते वरच्या बर्फातूनच. हिमवृष्टी अपुरी झालेल्या वर्षी हा साठाही तोकडाच राहतो.