विश्लेषण : अमेरिकी महानगरांत गुन्हे कशामुळे घटतात?

वॉशिंग्टनमधील गुन्हेगारी हाताबाहेर गेल्याचे सांगत अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील पोलीस दलाचा ताबा घेतला आणि रस्त्यांवर नॅशनल गार्डचे जवान उतरवले. प्रत्यक्षात शहरातील खून २०२३ मधील २७४ वरून २०२४ मध्ये १८७ वर आले होते. मग गुन्ह्यांचा आलेख ठरतो तरी कशावर?

न्यूयॉर्कचा अनुभव काय?

१९९० मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन हजारांहून अधिक खून झाले. १९९४ मध्ये पोलीस आयुक्त विल्यम ब्रॅटन यांनी ‘कॉम्पस्टॅट’ पद्धत आणली. गुन्हे नकाशावर मांडायचे आणि त्या भागाच्या अधिकाऱ्याला जाब विचारायचा, अशी ही पद्धत. २०१७ पर्यंत खून तीनशेच्या खाली आले. मात्र याच काळात इतर अनेक शहरांतही गुन्हे घटले. क्रॅक कोकेनचा ओसरलेला बाजार आणि सुधारलेली अर्थव्यवस्था यांचाही त्यात वाटा मानला जातो.

सरसकट झडत्यांचा उपयोग झाला?

२०११ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांनी सुमारे ६ लाख ८५ हजार वेळा नागरिकांना अडवले. त्यातील बहुतांश कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होते. दहापैकी जवळपास नऊ वेळा काहीच निष्पन्न झाले नाही. २०१३ मध्ये न्यायालयाने ही कार्यपद्धती घटनाबाह्य ठरवली. अडवणुकीचे प्रकार झपाट्याने कमी झाले, तरी खुनांचा भडका उडाला नाही.

२०२० मध्ये काय बिघडले?

त्या वर्षी देशभरात खून जवळपास ३० टक्क्यांनी वाढले. शहरे आणि ग्रामीण भाग, रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक राज्ये असा भेद त्यात नव्हता. करोनामुळे बंद पडलेल्या शाळा आणि सेवा, बंदुकांची विक्रमी विक्री, जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर पोलिसांवरचा उडालेला विश्वास ही कारणे तज्ज्ञ सांगतात. विश्वास नसेल तर साक्षीदार पुढे येत नाहीत. अमेरिकेत २०२२ मध्ये जवळपास निम्म्या खुनांचा उलगडाच झाला नव्हता.

मग उपाय काय?

मोठ्या शहरांतील गोळीबार ठरावीक गल्ल्या आणि मोजक्या टोळ्यांभोवती फिरतो. बाल्टिमोरने अशा तरुणांना थेट गाठले. हिंसा सोडा, रोजगार आणि उपचारासाठी मदत घ्या. अन्यथा कारवाई अटळ, असा संदेश दिला. २०२२ मध्ये तिथे तीनशेहून अधिक खून झाले होते, २०२४ मध्ये २०१. देशभरातही घट झाल्याने सारे श्रेय या योजनेचे नाही. पण पोलिसांची संख्या किती यापेक्षा ते कोणावर लक्ष ठेवतात आणि वस्तीचा त्यांच्यावर किती विश्वास आहे, हे अधिक निर्णायक ठरते.