डिझेल इंजिनानं एअर घेतली तर

आज आपण छोट्या डिझेल इंजिनाच्या इंधनवाटेत शिरलेली हवा कशी काढायची ते पाहणार आहोत. आपल्याकडे विहिरीवरचं इंजिन अडलं की जुनी माणसं म्हणतात, ‘एअर घेतली.’ मी राहतो त्या गाझियाबादमध्ये मिस्त्री म्हणतो, ‘एअर पकड़ ली.’ आपण पाना म्हणतो, इथे त्याला चाबी म्हणतात. दुखणं मात्र एकच, आणि उपायही एकच.

गाझियाबादचं उदाहरण मी मुद्दाम घेतोय. इंदिरापुरम, वैशाली, राजनगर एक्स्टेन्शन या भागांत उंच इमारतींच्या सोसायट्या आहेत आणि वीज गेली की लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे डिझेल जनरेटरवर येतात. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून दिल्ली-एनसीआरमध्ये या जनरेटरचे नियम अधिक कडक झाले. थंडीत शहराची हवा बिघडली की ‘ग्रॅप’चे टप्पे लागू होतात आणि जनरेटर चालवण्यावर आणखी मर्यादा येतात. नियम पाळायलाच हवेत. त्याचा एक परिणाम मात्र लक्षात ठेवावा लागतो: इंजिन बराच काळ नुसतं उभं राहतं. जोडणीत कुठे बारीक फट असेल, तर तिथून हवा शिरते आणि नळीतलं डिझेल हळूहळू टाकीत परत उतरतं. मग नेमकी गरज पडते त्या दिवशी स्टार्टर फिरतो, इंजिन पेट घेत नाही, पहारेकरी बटण दाबत राहतो आणि बॅटरी बसते. त्या वेळी लिफ्टमध्ये कोणी अडकलेलं असू शकतं, एखाद्या घरात आजारी माणसाचं ऑक्सिजनचं यंत्र विजेवर चालू असू शकतं.

आता इवल्याशा बुडबुड्यानं एवढं मोठं इंजिन का अडतं, ते समजून घेऊ. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये हवा दाबून तापवायची आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारायचा, एवढंच. हा फवारा नोझलमधून उडण्यासाठी साधारण २०० बार दाब लागतो. मोटारीच्या चाकात दोन-सव्वादोन बार असतो, म्हणजे त्याच्या जवळजवळ शंभर पट.

पाच अश्वशक्तीचं, मिनिटाला १५०० फेरे घेणारं एक सिलिंडरचं इंजिन घ्या. चार स्ट्रोकचं असल्यानं ते दर दोन फेऱ्यांना एकदा फवारा मारतं. म्हणजे मिनिटाला ७५० वेळा, तासाला ४५,००० वेळा. पूर्ण भारावर ते तासाला लिटरभर किंवा थोडं जास्त डिझेल पितं. भागाकार केला, तर एका फवाऱ्याला सुमारे २५ घनमिलिमीटर डिझेल येतं, म्हणजे जेमतेम एक थेंब.

आता पंपाच्या पुढच्या नळीत काळ्या मिरीएवढा बुडबुडा आहे असं धरा. त्याचं आकारमान ६५ घनमिलिमीटरच्या आसपास. पंपानं आपला २५ चा थेंब पुढे ढकलला, की बुडबुडा दबून ४० चा होतो. त्यातला दाब वाढतो तो १ बारवरून जेमतेम १.६ बारपर्यंत. हवे होते २००. पंपाचा दट्ट्या मागे आला की बुडबुडा पुन्हा फुगतो. स्टार्टर कितीही फिरवा, नोझलपर्यंत फक्त हे दबणं-फुगणं पोहोचतं. डिझेल दाबलं जात नाही म्हणून दाब पुढे जातो. हवा दाबली जाते म्हणून दाब तिथेच मुरतो.

गंमत अशी, की रुडॉल्फ डिझेलच्या सुरुवातीच्या इंजिनात इंधन आत ढकलायचं काम दाबलेली हवाच करत असे. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागायचा. पुढे १९२७ मध्ये बॉश कंपनीनं डिझेलचा इंजेक्शन पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली आणि लहान इंजिनांचा मार्ग मोकळा झाला. कॉम्प्रेसर गेला, पण नळीत निखळ डिझेलच असलं पाहिजे ही अट आली.

ही हवा येते कुठून? टाकी पूर्ण रिकामी झाली, फिल्टर बदलला, एखादी नळी उघडली, की हवा येणारच. ती एकदा काढली की काम संपलं. त्रास देते ती चोरवाटेनं येणारी हवा. पुण्याजवळ खडकीला १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी सुरू झाली आणि अशा इंजिनांची महाराष्ट्राच्या शिवारांत ओळख झाली. विहिरीवरच्या अशा बऱ्याच इंजिनांची टाकी वर असते. डिझेल आपल्या वजनानं खाली येतं. तिथे वायसर खराब झाला, तर डिझेल बाहेर ठिबकतं आणि डोळ्यांना दिसतं. जनरेटरची टाकी मात्र बहुतेक वेळा खाली, सांगाड्यातच असते. फीड पंप डिझेल वर ओढतो, त्यामुळे त्या नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथे फट पडली, तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. फरशी कोरडी, नळी कोरडी आणि इंजिन आजारी. थंडीत जुनं रबर आणखी कडक होतं, क्लिपखाली सैल पडतं, आणि हा त्रास वाढतो.

ओळखायचं कसं? इंजिन सुरू होऊन मिनिटभरात बंद पडतं. चाल एकसारखी राहत नाही, आवाज वर-खाली होतो. न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर येतो. प्राइमरचा दट्ट्या दाबताना स्पंजासारखा मऊ लागतो.

आता प्रत्यक्ष काम. सगळ्यात आधी जनरेटरचं पॅनेल ‘ऑटो’वरून काढा आणि बॅटरीची ऋण तार सोडवा. हे विसरू नका. वीज गेली की ऑटोवरचा संच आपोआप फिरायला लागतो, आणि तेव्हा तुमचा हात पट्ट्याजवळ असू शकतो. बिडी-सिगारेट लांब ठेवा. खाली ट्रे आणि फडकं ठेवा.

पहिल्यांदा टाकीत पुरेसं डिझेल आहे का, कॉक उघडा आहे का, टाकीच्या झाकणाचं श्वासछिद्र बुजलेलं नाही ना, हे पाहा. पाणी वेगळं करणारी वाटी असेल, तर तिच्यातलं पाणी काढा.

दुसरं, फिल्टरच्या डोक्यावरचा हवा काढायचा स्क्रू एक-दोन आटे सैल करा आणि हातानं प्राइमर मारा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. धार थांबल्यावर आवळलात, तर हवा परत आत जाते. प्राइमरच्या दांडीला चालच मिळत नसेल, तर आतला कॅम वर अडलेला असतो. इंजिन हातानं एक फेरा फिरवा, चाल येईल.

तिसरं, इंजेक्शन पंपावरच्या स्क्रूशी हेच करा. क्रम टाकीकडून नोझलकडे. उलटं गेलात, तर मागची हवा पुन्हा पुढे येते.

चौथं, नोझलच्या टोकाकडचा पाइपाचा नट अर्धा-पाऊण आटा सैल करा. आता बॅटरी जोडा, पॅनेल ‘मॅन्युअल’वर ठेवा, थांबवायची दांडी ‘चालू’ बाजूला आहे ना ते पाहा आणि हात लांब ठेवून स्टार्टर फिरवा. दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये मिनिटभर विसावा द्या. नटाखालून बुडबुड्यांशिवाय डिझेल उसळू लागलं की थांबून नट आवळा. सिलिंडर जास्त असतील, तर एकेक करून घ्या. हँडल मारायच्या इंजिनात डिकॉम्प्रेशनची दांडी उचलून हँडल फिरवा. नोझलमधून कुरकुर ऐकू आली की समजा, फवारा उडतोय.

इथे दोन धोके सांगायलाच हवेत. चालू इंजिनाचा दाबाचा पाइप सैल करू नका आणि गळती बोटानं चाचपू नका. २०० बारची बारीक धार कातडी भेदते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही फारसं, पण आत डिझेल पसरून बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असं झालं, तर ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जा आणि ‘दाबाखालचं डिझेल आत गेलंय’ हे स्पष्ट सांगा. दुसरं, जनरेटरचे सीपीसीबी-४ प्लस निकष १ जुलै २०२३ पासून लागू झाले. त्यानंतरच्या अनेक संचांत कॉमन रेल असते आणि तिथे दाब हजार बारच्या पुढे जातो. तिथला दाबाचा पाइप आपण उघडायचाच नाही. कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे फक्त प्राइमर मारायचा, बाकी कंपनीचा माणूस.

हवा निघाली, इंजिन चाललं. पण टाकी रिकामी झाली नव्हती, फिल्टरही कोणी उघडला नव्हता, तर काम अर्धंच झालंय, कारण फट तशीच आहे. ती शोधायची सोपी युक्ती म्हणजे स्वच्छ डिझेलचा छोटा डबा इंजिनापेक्षा उंच बांधा आणि नव्या नळीनं थेट फीड पंपाला जोडा. इंजिन अर्धा तास नीट चाललं, तर दोष टाकी ते पंप यांच्यामध्ये आहे. तरीही अडखळलं, तर पंप, फिल्टर आणि पुढच्या जोडण्या तपासा. ओढणाऱ्या नळीत वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती बसवली, तर बुडबुडे डोळ्यांसमोरून जाताना दिसतात. तांब्याचे वायसर दर वेळी नवे घाला. दबलेला वायसर नुसत्या जोरानं बसत नाही, आटे मात्र जातात.

हे कळलं नाही की माणसं थेट इंजेक्शन पंप उतरवून दुरुस्तीला पाठवतात. पंप चांगलाच असतो, हजारोंचा खर्च होतो, आणि तीस-चाळीस रुपयांची नळी जागच्या जागी राहते. म्हणून मिस्त्रीला पंप उतरवू देण्याआधी एकच विचारा, ‘डबा बांधून पाहिलंत का?’

आणि सोसायटीत जनरेटर असेल, तर नियमात बसेल तेव्हा महिन्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटं तो भारावर चालवा आणि किती सेकंदांत सुरू झाला ते वहीत लिहा. तीन सेकंदांचे सहा झाले, सहाचे दहा झाले, की नळी बदलायची वेळ आली. ते वहीत दिसलं, तर लिफ्ट अडकायच्या आधी काम होतं.