हमालीची चिठ्ठी

सकाळी 8.50
कन्नडहून देवगाव रंगारीकडे जाणारी एसटी. मॅडमना अर्धं तिकीट. मार्च 2023 पासून सगळ्याच बायकांना लागतं. त्या तिथल्या शाळेत नववीला इंग्रजी शिकवतात. शिक्षणसेवक आहेत. महिन्याला 18 हजार मानधन, मुदत तीन वर्षं. त्यातून खोलीचं भाडं, गॅस, जाणं-येणं.

9.55
झेरॉक्सचं दुकान. पानाला 2 रुपये, 13 पानं, 26 रुपये. हे पैसे पर्समधले. स्टाफरूममध्ये कात्री काढून एकेका पानाच्या चार चिठ्ठ्या करतात आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला चिकटवतात. नुसता कागद मुलांच्या घामट हातात एक तासही टिकत नाही. 52 चिठ्ठ्या कापल्या की अंगठ्यावर वळ उठतो.

11.40
नववी अ. पट 52. लोखंडी पायांचे बाक ओढले तर शेजारच्या वर्गात गणित थांबतं. म्हणून बाक जागचे हलत नाहीत. पुढच्या बाकावरचे दोघं मागे वळतात, झाला चौघांचा गट. तास 35 मिनिटांचा. त्यातली पाच वळण्यातच जातात.

11.46
काम असं. वीस क्विंटल कांदा आहे. लासूर स्टेशनला न्यायचा की कन्नडला? एकाच्या चिठ्ठीत लासूरचा भाव, दुसऱ्याच्या कन्नडचा, तिसऱ्याकडे टेंपोभाडं, चौथ्याकडे हमाली. आकडे मॅडमनी मनाने घातलेत. चिठ्ठी दाखवायची नाही. सांगायची, तीही इंग्रजीत.

पुस्तकातला संवाद ही मुलं उभं राहून घडाघडा वाचतात. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. तरी बोलायला सांगितलं की वर्ग खाली बघतो. खरं तर बोलायची गरजच कुठे पडते? समोरच्याला उत्तर आधीच माहीत असतं. आज माहीत नाही. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभूंनी 1979 ते 1984 मध्ये दक्षिणेतल्या साध्या शाळांत हेच धरलं होतं: आधी काम द्या, भाषा त्या कामापोटी येईल. मला हे पटतं, कारण समोर दिसतंय.

11.52
"लासूर रेट? टेल, टेल."
"फिफ्टीन हंड्रेड."
"कन्नड?"
"फोर्टीन सिक्स्टी."
"टेंपो हाऊ मच?"
"लासूर सिक्स्टीन हंड्रेड. कन्नड ओन्ली सिक्स हंड्रेड."

व्याकरण मोडकं आहे. मॅडम मध्ये पडत नाहीत. गटागटातून फिरतात, वाकून ऐकतात, वहीत दोन शब्द टिपतात. आवाज वाढला की फळ्यावर डस्टर आपटतात.

12.04
खिडकीजवळच्या गटाने हात वर केला. लासूर 28,400, कन्नड 28,600. "कन्नड!" मागच्या गटाचं उत्तर लासूर. दोन्ही गट एकमेकांकडे बघतात. खिडकीजवळच्या तिघांना आता उमगतं की चौथीला कुणी विचारलंच नाही. ती चिठ्ठी मुठीत धरून बसलीय.

"यू टेल ना."
"लासूर... टेन."
"टेन व्हॉट?"
"वन क्विंटल, टेन रुपीज हमाली. कन्नड ट्वेंटी-फाइव्ह."

मुलगा पुन्हा आकडेमोड करतो. लासूर 28,200. कन्नड 28,100. खोडून लिहितो. ती स्वतःहून म्हणते, "चेक अगेन." तो पुन्हा बघतो.

12.15
घंटा. चिठ्ठ्या परत. 51 आल्या, एक बाकाखाली सापडली.

दुपारी 1.30
डबा. घसा बसलाय, पाणी कोमट. मॅडम वहीतली टिपणं बघतात. हमालीची चिठ्ठी बहुतेक गटांत गप्प पोराकडे गेली होती आणि चार-पाच गटांनी ती न ऐकताच उत्तर काढलं. बोलकी मुलंच बोलली, तर तास कुणाचा झाला?

3.10
नववी ब. चिठ्ठ्या त्याच, पण आता मॅडम वाटतात त्या मुलांकडे बघून. टेंपो आणि हमाली मुद्दाम न बोलणाऱ्यांच्या हातात. फळ्यावर एक ओळ वाढलीय: चौघं बोलल्याशिवाय पेन उघडायचं नाही.

बाकावर पेनं बंद पडून आहेत.
"यू फर्स्ट," कुणीतरी म्हणतं.