‘रन’ म्हणजे फक्त धावणे?

लातूरच्या ट्यूशन एरियात असो की नांदेडच्या एखाद्या क्लासमध्ये, इंग्रजीसाठी एक सल्ला हमखास ऐकू येतो: शब्द पाठ करा, इंग्रजी आपोआप येईल. मग वहीत डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ आणि मध्ये बरोबरचं चिन्ह. ‘रन’ बरोबर धावणे. नेमकं ते चिन्हच चूक आहे, आणि वर्षानुवर्षं मुलांकडून तेच गिरवून घेतलं जातं!

ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या संपादकांनी एकट्या ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले. आकडा खरा वाटत नसेल, तर लेखक सायमन विंचेस्टर यांचा ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधला २०११चा लेख पाहावा. त्याआधी सर्वाधिक अर्थांचा मान ‘सेट’कडे होता. एवढे अर्थ कोण पाठ करणार? करायचेही नाहीत. अर्थ कळतो तो शेजारच्या शब्दांवरून.

एप्रिल २०१६ आठवा. मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. ही बातमी इंग्रजीत लिहायला घ्या. लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण आटलं, तिथे ‘रन ड्राय’. मिरज-लातूर गाडी धावली, तिथे ‘रन’. नळ वाहू लागला, तरी ‘रन’. पाणीयोजना चालवणं, खर्च कोटींत जाणं, वर्तमानपत्राने बातमी छापणं, सगळीकडे ‘रन’च. यात धावणारी फक्त रेल्वे. मराठीत माणूस धावतो, पण दुकान, शाळा आणि यंत्र ‘चालतं’. इंग्रजीत ही सगळी कामं ‘रन’ करतो.

‘आपल्या मराठीत असा गोंधळ नाही,’ असंही ठासून सांगितलं जातं. मग भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, औशाहून येताना एखाद्याला बस लागते, हे काय आहे? मराठी मूल ‘लागणे’चे अर्थ यादी करून शिकत नाही. वाक्यं ऐकत शिकतं.

‘रन अवे’सारखे जोडशब्द म्हणजे अलीकडची बोलभाषा, हाही गैरसमजच: ‘रन अवे’ शेक्सपिअरच्या नाटकात आहे. निवडणुकीला उभं राहणं जगभर ‘रन’ असतं, हेही खरं नाही: तो अमेरिकी वापर. ब्रिटनमध्ये उमेदवार ‘स्टँड’ करतो, आपली इंग्रजी वृत्तपत्रं बहुधा ‘कॉन्टेस्ट’ लिहितात.

मराठवाड्यातली मुलं मेहनतीत कुठेच कमी नाहीत. ती मेहनत चुकीच्या यादीवर वाया जाऊ नये. शिक्षकांनी, पालकांनी उद्यापासून एवढं करावं: वहीतली ती दोन रकान्यांची यादी बंद करावी आणि प्रत्येक शब्द वाक्यासकट लिहायला लावावा.